पाळण्याची ट्रायल

गुणवंतराव निंबाळकरांनी पाळण्याची ट्रायल घेतली तेव्हा पाळण्यात नात नव्हती, बटाटे होते. बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या त्यांच्या फ्लॅटच्या हॉलमध्ये छताला कड्या होत्या. त्यांना पाळणा टांगून त्यांनी आधी बटाट्यांची पिशवी ठेवली, मग तिच्यावर गव्हाचा डबा ठेवला, आणि बाजूला उभे राहून, कान देऊन झोके दिले. कडी करकरली नाही, दोरी सरकली नाही. लेक मुग्धा सोफ्यावर तान्ह्या पोरीला मांडीवर घेऊन हा सोहळा बघत होती. एवढं वजन कशाला, ती अजून तीन किलोचीसुद्धा नाही, असं ती म्हणाली. त्यावर "आज नाही," एवढंच म्हणून गुणवंतरावांनी डबा खाली उतरवला.

माणूसच असा. मकरपुऱ्यात व्हॉल्व्ह बनवणाऱ्या एका कंपनीत त्यांनी उभी हयात तपासनीस म्हणून काढली होती. कंपनीच्या बसने जायचं, दिवसभर दुसऱ्यांच्या कामातल्या खोड्या काढायच्या आणि त्याच बसने त्याच माणसांबरोबर घरी यायचं. तरीसुद्धा निवृत्तीच्या दिवशी ती माणसं त्यांना सोडायला गेटपर्यंत आली, यावरून माणूस मनाने कसा असेल ते समजावं. तपासलेला माल दोनच ठिकाणी जायचा. पास झाला तर हिरवी पट्टी, नाही तर लाल पेटी. मधलं काही नाही. निवृत्तीनंतर कंपनी सुटली, पण पेटी काही सुटली नाही. घरात नवा मिक्सर आला की ट्रायल, पाहुणे यायचे असले की आदल्या दिवशी पंख्यांची ट्रायल. मुग्धाच्या लग्नात त्यांनी अंतरपाटाची ट्रायल घेतली होती, हे तिच्या सासरचे लोक अजून सांगतात आणि हसतात.

आता नातीचं बारसं होतं. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून बारसंही माहेरीच, येत्या रविवारी. मुग्धाने बापाकडे साडी मागितली नव्हती की बाळलेणं मागितलं नव्हतं. तिने एकच गोष्ट मागितली होती. बारशाला आईच्या आवाजातला पाळणा लावायचा.

आई जिवंत आहे, समोर बसली आहे, तर तिच्याकडूनच का म्हणवून घेऊ नये, असं कुणालाही वाटेल. म्हणून इथे थोडं उषाताईंबद्दल सांगायला हवं.

उषाताई काही गायिका नव्हत्या. गाणं शिकल्या नव्हत्या आणि स्टेजवर कधी चढल्या नव्हत्या. पण बडोद्यातल्या त्यांच्या गोतावळ्यात पाळणा म्हणायचा तो उषाताईंनी, असा रिवाज पडून गेला होता. पाळणा सासरचा. गुणवंतरावांच्या आजी चिमणाबाई तो म्हणायच्या. चिमणाबाईंचे सासरे संस्थानच्या फौजेत होते, आणि त्या घरच्या बायकांनी पुरुषांची वाट बघत बसल्या बसल्या त्यात कडवी जोडली असावीत, कारण त्या पाळण्यात देव कमी आणि बडोदं जास्त होतं. सुरसागरचं पाणी होतं, मांडवीतला खेळण्यांचा बाजार होता, आणि मधेच 'दीकरा', म्हणजे बाळा, म्हणून घातलेली साद होती, कारण शेजारणी गुजराती होत्या आणि त्यांनाही म्हणता यायला हवं होतं. हा पाळणा कुठे छापलेला नव्हता. चिमणाबाईंकडून तो उषाताईंकडे आला आणि तिथेच थांबला. मुग्धाला शब्द यायचे, चाल मात्र अर्धीच यायची, आणि उरलेली अर्धी कुठल्याशा साबणाच्या जाहिरातीत जाऊन मिसळायची.

दोन वर्षांपूर्वी उषाताईंच्या गळ्यातली थायरॉइडची गाठ काढली. गाठ आवाजाच्या शिरेला चिकटून बसलेली होती. गाठ गेली, जीव वाचला, पण आवाज गेला तो पुरता परत आला नाही. आता उरलं होतं ते कुजबुजीच्या जवळचं, खरखरीत, शेजारी बसलेल्याला ऐकू जाईल इतकंच. पूर्वी त्या स्वयंपाकघरातून "अहो" म्हणाल्या की खालच्या मजल्यावरचे दिनकररावसुद्धा ओ द्यायचे. आता नवऱ्याला बोलवायचं झालं तर त्या दोन टाळ्या वाजवायच्या, आणि गुणवंतराव दोन टाळ्यांना यायचे. उषाताईंनी याचं दुःख केलं नाही, निदान कुणाला दाखवलं नाही. गुणवंतरावांना मात्र घर फार मोठं वाटायला लागलं होतं. एवढे तपासनीस, पण घरात नेमकं काय बिघडलंय ते त्यांना सांगता आलं नसतं.

तो जुना आवाज होता एका हार्ड डिस्कमध्ये. गुणवंतराव वर्षानुवर्षं बायकोची गाणी टिपून ठेवत आले होते, आधी टेपवर, मग एका छोट्या रेकॉर्डरवर. टिपायची पद्धतही त्यांचीच. रविवारी कॉम्प्युटरपुढे बसून ते गाणं सोडून बाकी सगळं कापून काढायचे: कुकरची शिटी, भंगारवाल्याची आरोळी, उषाताईंचं मधेच थांबून बोलणं. साफ झालेलं गाणं पास व्हायचं आणि मूळ रेकॉर्डिंग लाल पेटीत, म्हणजे डिलीट. सगळ्यात जास्त कात्री बायकोच्या बोलण्यावर चालवावी लागते हे त्यांनी अनेकदा तिला ऐकवलंही होतं. तिने या काळ्या डिस्कला खणाच्या कापडाची पिशवी शिवून दिली होती. ऑपरेशननंतर ती पिशवी कपाटातून निघाली नव्हती. गाणी लावायची हिंमत त्यांना होत नव्हती आणि लावा असं उषाताईंनीही कधी म्हटलं नाही.

तर बारसं रविवारी, म्हणून गुणवंतरावांनी बुधवारी ट्रायल घेतली. मुग्धा आतल्या खोलीत निजली होती, उषाताई तान्हीला तेल लावत होत्या. टीव्ही भिंतीला असा चिकटवलेला की त्याच्या मागे हात जाईना. खालच्या सेट-टॉप बॉक्सला मात्र पुढेच डिस्क लावायची जागा होती. त्यांनी वायर तिथे लावली. पडद्यावर मोठ्या अदबीने अक्षरं उमटली. ही डिस्क या बॉक्ससाठी तयार करावी लागेल, करायची का, असा प्रश्न होता. खाली 'होय' आणि 'नाही' होतं, आणि कोपऱ्यात, पुढचा मजकूर वाचण्यासाठी, एक बारीकसा बाण होता.

गुणवंतरावांना प्रश्न रास्त वाटला. कारखान्यात कुठलं यंत्र आधी जुळणी केल्याशिवाय चालतं? ड्रॉइंगचा कागद उलटून मागे काय लिहिलंय ते बघितल्याशिवाय सही करायची नाही, हे ज्या माणसाने मकरपुऱ्यातल्या दोन पिढ्यांना शिकवलं, त्याने तो बाण दाबला नाही. त्याने 'होय' दाबलं.

बाणापलीकडे काय लिहिलेलं होतं ते सांगायला नकोच. डिस्क बघता बघता तयार झाली आणि तिचा निळा दिवा लुकलुकायला लागला, पण पडद्यावर गाण्यांची नावं काही येईनात. बॉक्स वाचत असेल, लागतो वेळ, असं गुणवंतरावांनी ठरवून टाकलं. तेवढ्यात मुग्धाच्या सासूबाई निरुपमाताई नातीला बघायला आल्या. चहा झाला, आणि उषाताईंच्या मालिकेची वेळ झाली म्हणून सगळे टीव्हीपुढे बसले. ती मालिका रोज आपोआप साठवून ठेवायची सोय त्या बॉक्समध्ये पहिल्यापासून केलेली होती, फक्त बिचाऱ्याकडे साठवायला जागा नव्हती. ती आज मिळाली होती. एका मालिकेनंतर दुसरी झाली, मग आणखी कसला तरी खास भाग झाला, आणि गुणवंतराव त्या निळ्या दिव्याकडे कौतुकाने बघत बसले.

सकाळी त्यांनी बॉक्समध्ये डिस्क उघडून पाहिली. तिच्यात बायकोचं एकही गाणं नव्हतं. मालिका होती.

ते सोफ्यावर बसले, उठले, पुन्हा उघडून पाहिलं, आणि मग तो बारीक बाण त्यांना आठवला. पाळणा गेला होता. तीन दिवसांवर बारसं, आणि मुग्धाने मागितलेली एकुलती एक गोष्ट त्यांनी स्वतःच्या अंगठ्याने पुसून टाकली होती. मुग्धाला सांगणं अवघड होतं, पण ते जमलं असतं. उषाताईंना काय सांगायचं? तुझा आवाज होता तेवढाही मी घालवला, हे वाक्य त्यांनी मनातल्या मनात जुळवून पाहिलं, आणि ते तोंडातून निघणार नाही याची त्यांना खात्री पटली.

राहता राहिला जावई. इंद्रनील शहराच्या समा भागात राहायचा आणि कॉम्प्युटरचंच काम घरी बसून करायचा. मुलगा गुणी होता, पण लग्नाला चार वर्षं होऊनही सासऱ्या-जावयांचं बोलणं ऊन आणि ट्रॅफिकच्या पुढे गेलं नव्हतं. गुणवंतराव त्याला इंद्रनीलराव म्हणायचे, आग्रह करकरून वाढायचे, आणि मग दोघेही टीव्हीकडे बघत बसायचे. जावयाला दिवाळीला द्यायचं, वाढदिवसाला द्यायचं, त्याच्याकडे मागायला मात्र कधी जायचं नाही, या मताचे ते. त्यामुळे डिस्कची पिशवी घेऊन स्कूटरवर निघालेले गुणवंतराव वाटेत बडोद्याचा ओलसर, हिरवा लीला चिवडा घ्यायला थांबले, निदान रिकाम्या हाताने गेलो असं व्हायला नको. घरी त्यांनी सांगितलं होतं की घुगऱ्यांचे हरभरे बघून येतो.

समाच्या घरात ते दारातच उभे राहून बोलायला लागले. इंद्रनीलने आधी त्यांच्या हातातून चिवडा घेतला, मग हेल्मेट घेतलं.

"बाबा, आधी बेसा ने," तो म्हणाला. बाहेर गुजराती, घरात मराठी आणि घाईत दोन्ही, असं अस्सल बडोद्याचं बोलणं त्याचं.

गुणवंतराव बसले आणि त्यांनी सगळं सांगितलं. आपली चूक सांगतानाही त्यांनी क्रम सोडला नाही. आधी खाच, मग वायर, मग प्रश्न, मग बाण. इंद्रनील हसला नाही आणि हळहळलाही नाही. त्याने एकच विचारलं, पुसल्यानंतर त्या डिस्कवर नवीन काही गेलं का? गुणवंतरावांनी खाली मान घालून मालिकेचं नाव सांगितलं.

मग इंद्रनीलने त्यांना समजेल असं समजावलं. डिस्क पुसली म्हणजे माल जात नाही, कुठल्या फळीवर काय ठेवलंय ती यादी जाते. यादी नाही म्हणून बॉक्सला गोदाम रिकामं वाटतं, आणि तो पुढच्या फळीपासून आपला माल लावत सुटतो. जिथे मालिका बसली तिथलं गेलं. बाकीचं मिळायला हवं. गुणवंतरावांना हे लगेच पटलं, आणि म्हणूनच त्यांचा चेहरा उतरला. डिस्क नवी आणली तेव्हा सगळ्यात मोलाचा म्हणून त्यांनी साफ केलेला पाळणा सगळ्यात पुढे ठेवला होता. बाकीची गाणी आणि रेकॉर्डरमधला कच्चा माल त्याच्यामागून आला होता.

इंद्रनीलने मूळ डिस्कवर काहीच करून पाहिलं नाही. आधी तिची जशीच्या तशी नक्कल काढायची, मूळ डिस्क बाजूला ठेवून द्यायची आणि सगळी शोधाशोध नकलेवर करायची, असं तो म्हणाला. "हे बरोबर," गुणवंतराव म्हणाले. या दोन शब्दांसाठी मकरपुऱ्यात माणसं वर्षानुवर्षं थांबलेली होती. इंद्रनीलला ते माहीत नव्हतं, तरी त्याला बरं वाटलेलं दिसलं.

नक्कल निघायला संध्याकाळ झाली, आणि शोध घ्यायचं काम मशीनवर सोपवून गुणवंतराव घरी आले. शुक्रवारी सकाळी ते पुन्हा हरभरे बघायला निघाले. उषाताईंनी दोन टाळ्या वाजवून नवऱ्याला जिन्यातून परत बोलावलं आणि विसरलेली स्कूटरची किल्ली हातात दिली.

समाला फायलींचा ढीग निघून तयार होता. पण एकाही फाईलला नाव नव्हतं, तारीख नव्हती, नुसते आकडे. काय आहे ते ऐकूनच ओळखायचं होतं. सासरे-जावई शेजारी शेजारी खुर्च्या मांडून, प्रत्येकी एक हेडफोन लावून बसले. मंगळागौरीची गाणी निघाली, भोंडल्याची निघाली, सगळी साफ केलेली, गुणवंतरावांच्या कात्रीखालून गेलेली. त्यांचा जीव जरासा भांड्यात पडला. गाणं ओळखलं की ते नाव सांगायचे आणि इंद्रनील टाइप करायचा. मधे एकदा इंद्रनीलने विचारलं की आई हे सगळं कुठे शिकल्या, आणि गुणवंतरावांनी चिमणाबाईंपासून सुरुवात केली. जेवायची वेळ होईपर्यंत दोघांत जेवढं बोलणं झालं तेवढं चार वर्षांत झालं नव्हतं.

दुपारी पाळणा सापडला. पहिली ओळ आली, सुरसागरचं पाणी आलं, आणि पुढे नुसती खरखर. इंद्रनीलने पुन्हा लावला, दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये लावला, मागेपुढे करून पाहिला. खरखरीपलीकडे काही नव्हतं. मालिका नेमकी तिथे बसली होती.

गुणवंतरावांनी हेडफोन काढून टेबलावर ठेवला आणि त्याची वायर नीट गुंडाळली. राहू द्या इंद्रनीलराव, तुम्ही पुष्कळ केलंत, मुग्धाला मी सांगतो, असं ते म्हणाले. इंद्रनील म्हणाला की थांबा, अजून एक ढीग शिल्लक आहे. लांबलचक रेकॉर्डिंग आहेत, आणि ही परवा पुसलेली नाहीत, कुणीतरी फार पूर्वीच डिलीट केलेली आहेत.

"ती मीच केली," गुणवंतराव म्हणाले. "ते सगळं रिजेक्ट आहे. त्यात काही नाही."

इंद्रनीलने तरीही एक फाईल उघडली आणि या वेळी आवाज हेडफोनऐवजी स्पीकरवर लावला. कुकरची शिटी झाली. कुठेतरी भांडं पडलं. मग एक बाई अगदी जवळ येऊन खणखणीत आवाजात बोलली.

"अहो, चालू झालं का ते? मग बोट काढा की तिथून."

गुणवंतराव हलले नाहीत. सकाळपासून गाणी ऐकताना त्यांना बरं वाटत होतं, पण गाण्यातल्या उषाताई म्हणजे ठेवणीतली साडी नेसून बसलेल्या उषाताई. ही त्यांची बायको होती. या आवाजाने त्यांना सकाळी उठवलं होतं, कोथिंबीर आणायला पिटाळलं होतं, तापात दटावून औषध पाजलं होतं, आणि बस चुकेल म्हणून जिन्यावरून ओरडून सगळ्या बिल्डिंगला जागं केलं होतं. हाच आवाज त्यांनी रविवारी रविवारी बसून, मोठ्या निगुतीने, कापून फेकला होता. दोन वर्षं घरात काय कमी पडतंय ते त्यांना आत्ता कळलं. गाणं नव्हतं कमी पडत. ती त्यांना हाक मारत नव्हती, ते कमी पडत होतं. मांडीवरच्या खणाच्या पिशवीवर थेंब पडले तेव्हा आपण रडतोय, आणि तेही जावयासमोर, हे त्यांच्या ध्यानात आलं.

इंद्रनील उठला, चहा टाकतो म्हणाला, आणि दोन कप चहाला लागतो त्याहून बराच जास्त वेळ त्याने स्वयंपाकघरात काढला.

चहानंतर त्यांनी तो सगळा लाल पेटीतला माल ऐकायला घेतला, आणि त्यात पाळण्याचं मूळ रेकॉर्डिंग मिळालं. मुग्धा कॉलेजात होती तेव्हाचं. कुणाच्या तरी बारशाआधी घरीच ट्रायल म्हणून टिपलेलं. दोन कडवी सुरेख जातात. तिसऱ्याला उषाताई मधेच थांबतात आणि दूध उतू चाललंय म्हणून नवऱ्याला गॅस बंद करायला पिटाळतात. धावत गेलेली पावलं ऐकू येतात, लांबून चमचा पडतो, आणि मग बराच वेळ काहीच होत नाही, कारण गुणवंतराव ओटा पुसत होते. तेवढा वेळ उषाताई पाळण्याची चाल आपल्याशीच गुणगुणतात आणि त्यांच्या बांगड्या वाजत राहतात. मग त्या गॅस बंद केलात का म्हणून विचारतात, लांबून उत्तर येतं, आणि पाळणा पुढे सुरू होऊन शेवटच्या कडव्यापर्यंत जातो. एकही कडवं गेलेलं नव्हतं.

इंद्रनीलने माउस सरसावला. "बाबा, हे मधलं काढून टाकू? पाच मिनिटांचं काम आहे. एकदम साफ करून देतो."

पडद्यावर उषाताईंच्या बोलण्याच्या रेघा उंच उंच उठलेल्या होत्या.

"नको," गुणवंतराव म्हणाले. "अरे, राहू दे तसंच."

जावयाला त्यांनी आजवर कधी अरे म्हटलं नव्हतं. इंद्रनीलने चिवड्याची पिशवी फोडून मधे ठेवली.

रविवारी हॉल बायकांनी भरला. पाळण्याला फुगे आणि मोगऱ्याच्या माळा, खाली रांगोळी, कोपऱ्यात हळदीकुंकवाचं तबक. इंद्रनीलने लॅपटॉप टीव्हीला जोडला. मुग्धाने बापाला विचारलं की आवाजाची ट्रायल घेतलीत ना, तर ते नाही म्हणाले. मुग्धाने त्यांच्या कपाळाला हात लावून पाहिला. खरी गोष्ट अशी होती की त्यांना धीर होत नव्हता. उषाताईंना त्यांनी अजून काही सांगितलं नव्हतं. आपण हे लावतोय ते तिला आवडेल की सगळ्यांसमोर तिच्या जखमेला हात लागेल, हे त्यांना कळत नव्हतं, आणि त्याची काही ट्रायल घेता येत नाही.

इंद्रनीलची बहीण भक्ती, म्हणजे बाळाची आत्या, पाळण्यावर वाकली आणि तिने कानात नाव सांगितलं, ईशानी. बायकांनी तिच्या पाठीत हौसेने धपाटे घातले. मग इंद्रनीलने बटण दाबलं आणि उषाताईंचा जुना आवाज हॉलभर झाला.

बोलणाऱ्या बायका बोलायच्या थांबल्या. सुरसागरचं पाणी आलं, मांडवीतला बाजार आला. निरुपमाताईंनी पदर डोळ्यांना लावला. दोघी-तिघींनी चोरून उषाताईंकडे पाहिलं. त्या पाळण्याची दोरी धरून, मान खाली घालून झोका देत होत्या. त्यांचा चेहरा दिसत नव्हता. गुणवंतरावांना वाटलं, चुकलंच आपलं, हे लावायला नको होतं. तेवढ्यात तिसरं कडवं मधेच तुटलं.

"अहो, दूध! उतू चाललंय, गॅस बंद करा आधी."

गुणवंतराव उठले. उठले आणि बायकांच्या मधून वाट काढत तरातरा स्वयंपाकघरात गेले. काय झालं ते कुणाला कळायच्या आत त्यांचा हात गॅसच्या बटणावर होता. मागे हॉलमध्ये हशा उसळला. शेगडीवर काहीच नव्हतं. शेगडी पुसून लख्ख केलेली होती आणि घुगऱ्यांचं पातेलं ओट्यावर झाकून ठेवलेलं होतं. गुणवंतरावांना बटणावरचा हात काढता येईना आणि मागे वळून लोकांना तोंडही दाखवता येईना. हॉलमधून, हसण्याच्या वरून, उषाताईंचं गुणगुणणं आणि बांगड्या ऐकू येत होत्या.

मागे दोन टाळ्या वाजल्या.

उषाताई दारात उभ्या होत्या. त्यांचे खांदे हलत होते आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण त्या हसत होत्या. लांबून बोललेलं ऐकू जात नाही म्हणून त्या अगदी जवळ आल्या.

"गॅस सकाळपासून बंद आहे," त्या आपल्या खरखरीत आवाजात म्हणाल्या.

"माहीत आहे."

"मग आलात कशाला?"

"तू बोलावलंस ना."

उषाताईंनी नवऱ्याचा हात बटणावरून सोडवला आणि आपल्या हातात धरून ठेवला. मग त्यांनी सांगितलं की गुरुवारीच त्यांना सगळं कळलं होतं. बॉक्समध्ये मालिका साठलेली दिसली, कपाटात पिशवी नव्हती, आणि हरभरे तर घरात केव्हाचे येऊन पडले होते. खरं सांगायचं तर त्यांना सुटल्यासारखं वाटलं होतं. ते सुंदर, साफ केलेलं गाणं चारचौघीत लागणार आणि सगळ्या आपल्याकडे बिचारी म्हणून बघणार, या धास्तीने त्यांना आठवडाभर झोप नव्हती. तसंच लागलं असतं तर त्या आत जाऊन दार लावून बसणार होत्या.

"इतकी ओरडायची मी?" त्यांनी विचारलं.

"याहून जास्त."

"आणि हे सगळं तुम्ही टाकून द्यायचात?"

गुणवंतरावांनी मान हलवली. तेवढ्यात हॉलमधलं गुणगुणणं थांबलं. बांगड्या वाजल्या, आणि त्या वेळच्या उषाताईंनी बिल्डिंगच्या खालच्या मजल्यापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "केलात का बंद?"

बायका हसू दाबून उत्तराची वाट बघत गप्प झाल्या. रेकॉर्डिंगमधल्या गुणवंतरावांना ओट्यापासून आवाज द्यायला क्षणभर उशीर झाला. तेवढ्यात या गुणवंतरावांनी बायकोचा हात धरूनच, स्वयंपाकघराच्या दारातून, मोठ्याने सांगितलं, "हो, केला."

मग पाळणा पुढे सुरू झाला.